यंत्राचा सांगावा : जाळ्यांच्या राखणीचा एक इतिहास

इतिहासाच्या व्यासपीठावरून राजे, तह आणि मोहिमा यांविषयी ऐकण्याची श्रोत्यांस सवय असते. तेथे आम्ही आज एका पत्र्याच्या पेटीची हकीकत सांगणार आहोत, हे पाहून कोणास किंचित हसू आले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु ज्या गोष्टीवर समाजाचे रोजचे व्यवहार उभे असतात, तिचा इतिहास समाजाला थोडाफार ठाऊक असावा अशी आमची समजूत आहे. आणि ही पेटी आज अशाच गोष्टींपैकी एक होऊन बसली आहे. बँकेच्या शाखेत, महाविद्यालयाच्या कार्यालयात, रुग्णालयाच्या जिन्याखाली, रेल्वे स्थानकाच्या एखाद्या कोंदट खोलीत ती भिंतीवर टांगलेली असते. तिच्यात आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तारा खोवलेल्या असतात आणि लहान लहान हिरवे दिवे लुकलुकत असतात. हिला ईथरनेट स्विच म्हणतात. एका संगणकाकडून निघालेले पॅकेट ज्या संगणकासाठी असेल त्याच्याच तारेवर नेऊन सोडावयाचे, एवढेच हिचे काम.

आता प्रश्न असा की, ही पेटी आजारी पडली तर ते कोणास कळते? तिच्याजवळ कोणी बसलेले नसते. तिचा पंखा थांबला, एखादी तार निसटली, वीज जाऊन आली, कोणी चोरून आत शिरू पाहिले, तर तिने ते कोठेतरी कळविले पाहिजे. ही व्यवस्था आपोआप होत नाही. कारखान्यातून आलेल्या पेटीला कोणाचा पत्ताच माहीत नसतो, मग ती कळविणार तरी कोणाला? म्हणून तंत्रज्ञ तिला चार-पाच ओळींची आज्ञा लिहून देतो : कोणत्या घटना कळवावयाच्या, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पद्धतीने, कोणत्या खुणेच्या शब्दासह, आणि पोच घ्यावयाची की नाही. ह्या ओळी लिहावयास दहा मिनिटे पुरतात. परंतु त्यांतील प्रत्येक ओळीमागे विद्वानांचे वाद आहेत, अपघात आहेत आणि क्वचित पश्चात्तापही आहे. तोच इतिहास आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले पहारेकरी

ह्या कथेचा आरंभ अमेरिकेत होतो. तेथील संरक्षण खात्याच्या 'अर्पा' ह्या संस्थेने दूरदूरचे संगणक एकमेकांस जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तो इ. स. १९६९ मध्ये 'अर्पानेट' ह्या नावाने साकार झाला. प्रत्येक ठिकाणी संगणकाच्या शेजारी एक मध्यस्थ यंत्र बसविण्यात आले. त्यास 'इंप' असे सुटसुटीत नाव पडले. पहिला इंप लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात १९६९ च्या उत्तरार्धात बसला आणि वर्षअखेरपर्यंत अशी चार ठाणी झाली. ही यंत्रे मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीने तयार केली होती. म्हणजे कर्ते पूर्व किनाऱ्यावर आणि यंत्रे पश्चिमेकडे! मधले अंतर हजारो मैलांचे. यंत्र नीट चालले आहे की नाही हे दर वेळी टेलिफोन करून विचारणे कसे जमावे?

तेव्हा त्या मंडळींनी एक युक्ती केली. १९७० मध्ये पाचवा इंप त्यांच्या स्वतःच्या इमारतीत आला, आणि जाळ्यातील प्रत्येक इंपने ठराविक अंतराने आपला अहवाल केंब्रिजला पाठवावा असे त्यांनी ठरविले : माझ्या कोणत्या तारा चालू आहेत, कोणत्या बंद, किती पॅकेटे आली, किती गेली. ह्यातूनच जाळ्याचे नियंत्रण केंद्र उभे राहिले. टेलिफोन कंपनीच्या तारेत दोष आहे हे केंब्रिजला बसलेल्या माणसाला त्या कंपनीच्या आधी कळू लागले, आणि शेकडो मैलांवरच्या तारेबद्दल कोणी परका आपल्याला सांगतो ह्याचे तिच्या कर्मचाऱ्यांस नवल वाटू लागले.

ह्या व्यवस्थेतील एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे सर्व विवेचन तिच्यापाशी परत यावयाचे आहे. इंप केवळ संकट आले म्हणजे बोलत नसे. सर्व ठीक असतानाही तो 'ठीक आहे' असे सांगत असे. त्यामुळे त्याच्या मौनाला अर्थ होता. अहवाल आला नाही की केंद्रातील माणूस समजे, तिकडे काहीतरी घडले आहे. गावाचा जागल्या रात्रभर हाळी देत फिरतो, ती चोर आल्याची हाळी नसते, पण ती थांबली की झोपलेला माणूस जागा होतो. तसाच हा प्रकार होता.

परंतु सतत बोलण्यातही धोका असतो, हे त्याच जाळ्याने दाखवून दिले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास जवळजवळ निकामी झाले. चौकशीअंती असे आढळले की, इंप आपापसांत वाटांची खबर देण्यासाठी जे संदेश पाठवीत, त्यांपैकी एकाच इंपच्या संदेशाच्या तीन आवृत्त्या यंत्रदोषामुळे जाळ्यात शिरल्या होत्या. त्यांच्या अनुक्रमांकांतील काही अंश गळल्यामुळे पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी नवी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी, असे चक्र तयार झाले. प्रत्येक इंप प्रामाणिकपणे 'नवी' खबर पुढे पाठवीत राहिला आणि त्या खबरांच्या गर्दीत खरे काम गुदमरले. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये ह्या प्रसंगाचे जे विवेचन प्रसिद्ध केले ते आजही वाचण्यासारखे आहे. जाळ्याच्या राखणीसाठी केलेले बोलणेच जाळ्याचा गळा दाबू शकते, हा त्याचा बोध. पुढच्या पिढीने तो मनावर घेतला. कदाचित थोडा अधिकच घेतला, असे आम्हांस वाटते.

ईथरनेट मुके कसे झाले

आता दूरच्या जाळ्यांकडून आपण इमारतीच्या आतील जाळ्याकडे येऊ. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनालयात रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात 'ईथर' ही कल्पना मांडली. त्यांनी आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती प्रत्यक्षात आणली. एक जाड तार सर्व दालनांतून फिरवावयाची, तिला सर्व संगणक जोडावयाचे, आणि एकाने बोललेले सर्वांनी ऐकावयाचे. आपल्या नावाचे असेल तेवढे घ्यावयाचे, अशी ती साधी रीत. १९८३ मध्ये तिला अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण म्हणून मान्यता दिली.

ह्या सामाईक तारेचा एक दोष होता आणि तोच तिचा गुणही होता. तार एका ठिकाणी तुटली की त्या तारेवरचे सगळे संगणक एकदम बंद पडत. मग कार्यालयात एकच ओरड होई. बिघाड कळविण्यासाठी निराळी व्यवस्था नकोच होती. माणसेच ती पार पाडीत. शिवाय तपासनिसाने कोठेही आपले यंत्र लावले की जाळ्यावरचे सर्व संभाषण त्यास ऐकू येई.

ही स्थिती स्विचने बदलली. तारेचे तुकडे पाडून त्यांच्यामध्ये 'पूल' बसविण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात आली. हे पूल एकमेकांस वर्तुळात जोडले गेले तर पॅकेटे कायमची फिरत राहतील, म्हणून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील राडिया पर्लमन ह्या विदुषींनी १९८५ मध्ये एक पद्धत शोधून काढली. तिच्या योगाने पूल आपापसांत एकाला मूळ मानतात, जादा वाटा बंद ठेवतात आणि चालू वाट तुटली तर बंद वाट आपोआप उघडतात. पुढे १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका नव्या कंपनीने सात दारांची ईथरनेट पेटी बाजारात आणली, आणि 'स्विच' हे नाव रूढ झाले. ह्या कंपनीचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. त्यांनी कंपनीला आपल्या पत्नीचे नाव दिले होते. 'कल्पना' हे ते नाव. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्को कंपनीने विकत घेतली. आपल्या घराघरांतले एक नाव ह्या इतिहासाच्या उंबरठ्यावर कोरले गेले आहे, हे श्रोत्यांस ऐकावयास आवडेल.

स्विच आल्याने वेग वाढला, एकाचा दोष दुसऱ्याला बाधेनासा झाला. परंतु ह्याचा दुसरा परिणाम पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आला. आता एक तार तुटली तर एकच मनुष्य अडतो, बाकीच्यांस पत्ताही लागत नाही. जेथे दोन वाटा आहेत तेथे एक तुटली तर दुसरी तत्काळ उघडते, म्हणजे कोणाचेच अडत नाही आणि कोणीच तक्रार करीत नाही. जाळे एका पायावर उभे असते. पण वरून पाहणाऱ्यास ते दोन्ही पायांवर उभे असल्यासारखेच दिसते. मग काही महिन्यांनी दुसरी वाट तुटते आणि लोक म्हणतात, 'अचानक सगळे बंद पडले.' वस्तुतः ते अचानक नसते. पहिला बिघाड झाला तेव्हा तो कोणी सांगितला नाही, एवढेच. जाळे जितके सोशीक झाले तितके ते मुके झाले. आणि म्हणूनच त्याला बोलावयास शिकविणे भाग पडले.

विचारावे की सांगावे?

बोलावयास शिकविण्याचे हे काम १९८७-८८ च्या सुमारास तातडीचे झाले. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच जाळ्यात नांदू लागली होती आणि प्रत्येकाची भाषा वेगळी होती. टेनेसी विद्यापीठातील जेफ्री केस, प्रोटिऑन कंपनीतील जेम्स डेव्हिन, कॉर्नेल विद्यापीठातील मार्क फेडर आणि रेन्सेलर संस्थेतील मार्टिन शॉफस्टॉल ह्या चौघांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये जाळ्यांमधील वेशींवरच्या यंत्रांची देखरेख करण्यासाठी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. तिचेच सुधारलेले रूप म्हणजे 'एसएनएमपी', अर्थात् जाळ्याच्या व्यवस्थापनाचा साधा संकेत. त्याचा पहिला मसुदा ऑगस्ट १९८८ चा, आणि सर्वमान्य झालेला मे १९९० चा.

नावातील 'साधा' हा शब्द विनयाचा नव्हे, वादाचा आहे. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थांच्या आश्रयाने एक भव्य आणि काटेकोर पद्धत तयार होत होती. २९ फेब्रुवारी १९८८ रोजी भरलेल्या एका बैठकीत ह्या पक्षांचा विचार झाला. विंटन सर्फ यांनी लिहिलेल्या वृत्तान्तानुसार निर्णय असा झाला की, तूर्त साधी पद्धत वापरावी आणि पुढे भव्य पद्धतीकडे जावे. इतिहासाने मात्र 'तूर्त' हाच शब्द चिरंजीव केला. भव्य पद्धत इंटरनेटवर रुजली नाही. साधी पद्धत आजही लाखो पेट्यांत नांदत आहे.

ह्या पद्धतीत प्रत्येक यंत्राच्या पोटात एक गुमास्ता असतो. इंग्रजीत त्याला एजंट म्हणतात. त्याच्याजवळ एक खातेवही असते. मध्यवर्ती ठिकाणचा व्यवस्थापक संगणक त्यास विचारतो, 'अमुक रकान्यात काय लिहिले आहे?' आणि गुमास्ता उत्तर देतो. हे झाले विचारणे. पण समजा, एखाद्या संस्थेत पाचशे स्विच आहेत आणि प्रत्येकाला अठ्ठेचाळीस दारे आहेत. दारे झाली चोवीस हजार. दर पाच मिनिटांनी प्रत्येक दाराची चौकशी करावयाची तर सेकंदाला ऐंशी प्रश्न विचारावे लागतील. आणि इतके करूनही दोन प्रश्नांच्या मध्ये जे घडेल ते पाच मिनिटे अंधारातच राहील. म्हणून गुमास्त्याला न विचारता बोलण्याची थोडी मुभा देण्यात आली. अशा न विचारता आलेल्या सांगाव्याला 'ट्रॅप' असे नाव मिळाले. ट्रॅप म्हणजे सापळा. यंत्रात एखादी विशिष्ट स्थिती उद्भवताच चालू काम सोडून तिकडे वळावयाचे, ह्या अर्थाने हा शब्द संगणकशास्त्रात आधीपासून होता.

मुभा थोडीच होती. आरंभीच्या प्रमाणात सर्वसामान्य सांगावे फक्त सहा : मी नव्याने सुरू झालो, मी पुन्हा सुरू झालो, माझी एक वाट बंद पडली, माझी वाट उघडली, कोणी चुकीचा खुणेचा शब्द वापरून मला प्रश्न केला, आणि माझा एक शेजारी राउटर दिसेनासा झाला. सातवा प्रकार प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्रासाठी हवा तसा भरावा म्हणून मोकळा ठेवला होता. कर्त्यांची भूमिका अशी होती की, सांगावा हा केवळ इशारा आहे. तो आला म्हणजे व्यवस्थापकाने तिकडे वळून सविस्तर विचारपूस करावी. सांगावा साध्या पॅकेटात घालून सोडून द्यावा. पोहोचला तर बरे, न पोहोचला तरी गुमास्त्याने त्याची चिंता करू नये. यंत्रावर राखणीचा भार शक्य तितका कमी पडावा आणि शहाणपणाचा भार व्यवस्थापकाने वाहावा, हे त्यामागील तत्त्व. जाळे आजारी असताना दोन टोकांत रीतसर संबंध जुळविणे कठीण जाते, पण एखादे सुटे पॅकेट कसेबसे पोहोचते, हाही विचार त्यात होता.

तरीही मतभेद मिटला नाही. मार्च १९९१ मध्ये मार्शल रोझ यांनी सांगावे कसे लिहावेत याविषयी एक टिपण काढले, त्यात आरंभीच स्पष्ट केले आहे की सांगाव्यांचा वापर हाच मुळी वादग्रस्त आहे, आणि जे ते वापरीत नाहीत त्यांनी हे टिपण खुशाल बाजूला ठेवावे. आपल्याच विषयाबद्दल इतका प्रांजळपणा प्रमाणग्रंथांत क्वचितच सापडतो. १९८० च्या गुदमरण्याची आठवण ह्या पिढीला होती, हे त्यावरून ध्यानात येते.

पोच आणि ओळख

परंतु पोच नसलेल्या सांगाव्याने एक नवाच घोटाळा केला. सांगावा आला नाही ह्याचे दोन अर्थ होऊ लागले : सर्व क्षेम आहे, किंवा सांगावा वाटेत हरवला. इंपच्या काळात मौनाला जो अर्थ होता तो येथे नाहीसा झाला. शिवाय वाट बंद पडल्याचा सांगावा ज्या वाटेने जावयाचा, तीच बंद पडली असेल तर? आणि यंत्राची वीजच गेली तर? मेलेला मनुष्य आपल्या मृत्यूची खबर पाठवू शकत नाही. तो पुन्हा जन्मास आला तरच 'मी नव्याने सुरू झालो' एवढे सांगू शकतो. प्रत्येक सांगाव्यावर काळाची जी नोंद असते तीही घड्याळाची नसते. 'मी सुरू झाल्यापासून इतके शतांश सेकंद लोटले' अशी ती असते, आणि सुमारे ४९७ दिवसांनी तो आकडा भरून पुन्हा शून्यावर येतो.

१९९३ मध्ये एसएनएमपीची दुसरी आवृत्ती निघाली, तीत 'इन्फॉर्म' नावाचा नवा प्रकार आला. ट्रॅप जर साधे पोस्टकार्ड असेल, तर इन्फॉर्म हे पोचपावतीचे पत्र होय. पावती येईपर्यंत यंत्र मजकूर जपून ठेवते आणि ती न आल्यास पुन्हा पाठविते. ह्यासाठी यंत्राची स्मृती खर्ची पडते, जाळ्यावर थोडा भारही पडतो; म्हणून सर्वच घटनांसाठी ते वापरू नये, महत्त्वाच्यांसाठी वापरावे, असा व्यवहार रूढ झाला.

दुसरा प्रश्न ओळखीचा. पहिल्या आवृत्तीत ओळख पटविण्यासाठी एक खुणेचा शब्द असे आणि तो तारेवरून उघडा जाई. बहुतेक यंत्रांत तो 'पब्लिक' असाच भरलेला येई आणि पुष्कळ जण तो तसाच राहू देत. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगावी, त्यातलाच हा प्रकार. १९९३ च्या आवृत्तीने ह्यावर जो उपाय सुचविला तो इतका किचकट होता की लोकांनी तो स्वीकारलाच नाही. १९९६ मध्ये जुन्या खुणेच्या शब्दासह एक तडजोडीची आवृत्ती निघाली, १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि डिसेंबर २००२ मध्ये ती पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यात पाठविणाराची खातरजमा करता येते आणि मजकूर गुप्त ठेवता येतो.

ही मान्यता मिळाली त्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, तिची गरज एका निराळ्याच बाजूने प्रकट झाली होती. फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम वेडेवाकडे रचलेले संदेश निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस देऊन पाहिले. तेव्हा पुष्कळ यंत्रे कोसळत असल्याचे किंवा परक्याच्या ताब्यात जाऊ शकत असल्याचे उघडकीस आले. दोष केवळ प्रश्नांस उत्तर देणाऱ्या यंत्रांत नव्हता. सांगावे ऐकणाऱ्या व्यवस्थापकांतही होता. ऐकण्यासाठी उघडे ठेवलेले दार शत्रूलाही उघडे असते, हा धडा त्या वर्षी सर्वांनी गिरविला.

काय सांगावे, काय सांगू नये

आता आपण त्या चार-पाच ओळींकडे पुन्हा वळू. पत्ता, पद्धत, खुणेचा शब्द आणि पोच ह्यांचा इतिहास आपण पाहिला. उरली ती पहिली ओळ : कोणत्या घटना कळवाव्यात? आमच्या मते हीच सर्वांत अवघड आहे, कारण येथे यंत्राचे नव्हे, माणसाचे तारतम्य लागते.

उत्साही माणूस सर्वच सांगावे चालू करतो. मग काय होते ते पाहा. सकाळी दहाला कार्यालय भरते, दोनशे संगणक सुरू होतात, आणि वाट उघडल्याचे दोनशे सांगावे येतात. जुलै १९९३ च्या प्रमाणाने पुलांसाठी 'मी नवे मूळ झालो' आणि 'जाळ्याची रचना बदलली' असे दोन सांगावे ठरविले होते. टोकाची दारे तशी म्हणून नोंदविली नसतील तर संगणकाचे प्रत्येक दार उघडताना रचना बदलल्याचाही सांगावा निघतो. म्हणजे चारशे. संध्याकाळी लोक घरी गेले की वाट बंद पडल्याचे पुन्हा दोनशे. आठवडाभरात व्यवस्थापक त्यांच्याकडे पाहणे सोडून देतो. आणि ज्या दिवशी दोन इमारतींना जोडणारी मुख्य वाट तुटते, त्या दिवशी तिचा सांगावा त्याच ढिगाऱ्यात पडून राहतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, पण तीत खोटे बोलणारा मुलगा असतो. येथे खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येक सांगावा खरा असतो, आणि तरीही फळ तेच.

प्रमाणकर्त्यांनी ह्यावर उपाय योजिले होते. १९९४ च्या सुमारास प्रत्येक दारासाठी वाट उघडल्या-मिटल्याचे कळवावे की नाही, ह्याची स्वतंत्र कळ ठेवण्यात आली. म्हणून जाणता तंत्रज्ञ लोकांच्या टेबलांकडे जाणारी दारे गप्प ठेवतो आणि स्विचला स्विच जोडणाऱ्या, मुख्य संगणकांकडे जाणाऱ्या वाटांना बोलू देतो. तसेच दूरस्थ देखरेखीच्या प्रमाणात, ज्याचा पहिला मसुदा स्टीव्हन वॉल्डबसर यांनी १९९१ मध्ये लिहिला, एक मार्मिक तोड आहे. एखादे मोजमाप वरची मर्यादा ओलांडताच एकदा सांगावे. मग ते खालची मर्यादा ओलांडून उतरेपर्यंत पुन्हा त्याबद्दल बोलू नये. मर्यादेच्या आसपास आकडा घुटमळत राहिला तरी हाकाटी होत नाही. शहाणा सेवक धन्याला एकच वार्ता दहादा सांगत नाही, तसेच हे.

मौनाचा अर्थ

आतापर्यंतची हकीकत स्विचची होती. परंतु सांगाव्याची व्यवस्था फसली म्हणजे काय घडते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण विजेच्या जाळ्यातील आहे. तत्त्व एकच असल्यामुळे ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारा संगणकीय कार्यक्रम थांबला. तो थांबल्याची सूचना कोणालाच मिळाली नाही, कारण सूचना देणे हेच तर त्याचे काम होते. कक्षातील माणसे पडद्याकडे पाहत होती. पडदा शांत होता. म्हणून जाळेही शांत आहे असे ती समजली. तीन वाजून पाच मिनिटांपासून पुढच्या छत्तीस मिनिटांत उच्च दाबाच्या तीन तारा झाडांस लागून बंद पडल्या. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी मंडळाने एप्रिल २००४ मध्ये जो अंतिम अहवाल दिला, त्यात ह्या मूक झालेल्या सूचना-यंत्रणेला महत्त्वाचे स्थान आहे.

आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे सार ह्या प्रसंगात आले आहे. मौन म्हणजे क्षेम नव्हे. सांगावा येत नाही, ह्यावरून 'सर्व ठीक आहे' असे अनुमान काढण्याचा अधिकार केवळ त्यालाच, ज्याने सांगावा येतो की नाही हे तपासून पाहिले आहे. पुष्कळ ठिकाणी व्यवस्थापक संगणक बदलतो, त्याचा पत्ता बदलतो, आणि भिंतीवरच्या पेट्या मात्र जुन्याच पत्त्यावर इमानाने पत्रे टाकीत राहतात. पोच नसल्यामुळे कोणासच काही कळत नाही. म्हणून पाच ओळी लिहून झाल्या की सहावे काम उरते : एखादी तार मुद्दाम उपसून पाहावी आणि सांगावा खरोखर पोहोचला का, हे वरच्या खोलीत जाऊन विचारावे. ते वर्षातून काही वेळा पुन्हा करावे. हे काम अत्यंत क्षुल्लक दिसते, म्हणूनच ते राहून जाते.

यंत्रकर्त्यांनाही हे उमगले आहे. २००४ च्या एका ईथरनेट प्रमाणात 'अखेरचा श्वास' अशा अर्थाच्या नावाचा एक सांगावा आहे. वीज जाताच पेटी आपल्या पोटातील उरल्यासुरल्या शक्तीवर तेवढा एक संदेश शेजाऱ्याला देते आणि मग विझते. आणि गेल्या काही वर्षांत मोठ्या जाळ्यांत अशी पद्धत वाढत आहे की, यंत्राने विचारण्याची वाट न पाहता आपली स्थिती ठराविक अंतराने अखंड पाठवीत राहावे. २०१९ मध्ये त्यासाठी प्रमाणही प्रसिद्ध झाले. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की, ही १९७० च्या इंपचीच रीत आहे. पन्नास वर्षांचा वळसा घालून आपण पुन्हा त्या हाळी देणाऱ्या जागल्यापाशी आलो आहोत. फरक इतकाच की, आता तारा रुंद आहेत आणि जागल्यांची संख्या अफाट आहे. ट्रॅप आणि इन्फॉर्म मात्र ह्यामुळे गेलेले नाहीत. सामान्य संस्थांच्या भिंतींवरच्या पेट्यांत तेच काम करीत आहेत आणि अजून पुष्कळ काळ करतील.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेतो. ज्या चौघांनी साधी पद्धत रचली त्यांच्यावर कोणी असा आरोप करील की, त्यांनी पोच ठेवली नाही, ओळख पक्की केली नाही. आरोप खोटा नाही. परंतु त्यांनी शहाणपणाचा भार यंत्रावर टाकला नव्हता. तो माणसावर सोपविला होता, आणि माणूस तो उचलील असा विश्वास ठेवला होता. पेटी तेवढेच बोलते जेवढे आपण तिला बोलावयास सांगतो, आणि त्यालाच सांगते ज्याचे नाव आपण तिला देतो. रुग्णालयाच्या जिन्याखालची ती पेटी आज गप्प असेल, तर ती सुखरूप आहे म्हणून गप्प आहे की तिला बोलावयास कोणी सांगितलेच नाही म्हणून, हे त्या पेटीस ठाऊक नसते. ते विचारणे आपले काम आहे.